बाटलीवरचं नाव

बाटली अंगठ्याएवढी. आत पाणी म्हणावं असं पाणी,
पण झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात.
तळाशी आईचा दंड,
चार मिलिमीटर.

डॉक्टरीण म्हणाली, उन्हात नको, फ्रिजमध्येही नको,
आजच्या आज वाशीला, सेक्टर सतरा, पहिला मजला.
घणसोलीपासून मी ती पर्समध्ये उभी धरून आणली,
रिक्षा खड्ड्यात गेली की हात आपोआप वर.

काउंटरवरची मुलगी मेंदीच्या हातांनी फॉर्म सरकवते.
रुग्णाचं नाव: मनोरमा हसुराम भोईर.
वय: पासष्ट, किंवा सदुसष्ट. आधारवर एक जानेवारी आहे.
नमुना कुठून घेतला: डावा दंड, आतली बाजू.
कधीपासून:
इथे पेन थांबतं. आईच्या हिशोबात
आधी डास चावला होता, मग तेल उडालं होतं,
मग गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून काहीच नव्हतं.
डॉक्टरिणीने तिच्या रकान्यात आधी प्रश्नचिन्ह काढलंय,
मग दोन शब्द.
ते मी वाचले नाहीत.
म्हणजे वाचले. फोनवर शोधले नाहीत.

"बाटलीवर आणि फॉर्मवर नाव एकच हवं हां,
नाहीतर परत पाठवतात."
एकच आहे, मी म्हणते.
ती अक्षराला अक्षर लावून बघते, म ला म, न ला न.
तिला कसं सांगू

की डाग नेमका गोंदणावर आला होता.
नऊ वर्षांची असताना, जत्रेत,
तीन सुया दोऱ्याने बांधून, काजळी नि माक्याचा रस,
आजीने हात दाबून धरलेला,
आणि गोंदणारणीने लिहिलं: हौसा.
लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर
अंगठीने काढलं: मनोरमा.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.
हौसा राहिली, बाहीखाली, हिरवी.
आणि काल, आधी भूल देऊन,
मग करंजीच्या साच्याहून बारीक असं काहीतरी गोल फिरवून
डॉक्टरिणीने ‘ह’चं पोट काढून घेतलं.
दोन टाके.
टेबलावर पडल्या पडल्या आई म्हणाली,
"काय गं, माझा नाव पन तपासतान का?"
डॉक्टरीण हसली.
आई हसली नव्हती.

"रिपोर्ट सात दिवसांनी. पावती जपा."
झाल्यावर त्या तुकड्याचं काय करता?
"मेणात घालून ठोकळा करतात. ठेवतात दहा वर्षं."
आणि नंतर?
ती खांदे उडवते.
"हवा असेल तर अर्ज करा ना. मिळतो परत."

मला एकटीलाच हसू फुटतं.
अर्ज करून परत मिळण्याचा अनुभव
आमच्या घरात जुना आहे.
खारीतली शेतं गेली, त्यातले साडेबारा टक्के मागत
आजोबा गेले, मग बाबांनी कागद हातात घेतले,
बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी भूखंड आला,
भलत्याच सेक्टरात,
आणि पत्रावर आडनावात चूक.

मुलगी बाटलीवर बारकोड चिकटवते, वाकडा.
मनोरमातली आता फक्त ‘मनो’ दिसते.
ट्रेमध्ये आणखी अकरा बाटल्या आहेत, आई बारावी.
उद्या कुणीतरी तिचा केसाहून पातळ काप काचेवर ठेवेल,
गुलाबी, जांभळ्या पेशींमध्ये त्याला काळे दाणे दिसतील,
आणि तो लिहील, लिहिलं तर,
बाहेरचा रंग, महत्त्वाचा नाही.

जिन्यात फोन वाजतो.
"दिलास?"
दिला.
"बोंबील बघ येताना, ताजं असतील तरच.
आन मी आंघोल करू का? तो भिजंल का गं?"
कर, मी सांगते.
हात तेवढा वर धर.